प्रेक्षणीय स्थळे

गावाचं नाव व्हेरमोल.
वस्ती तीनशे बारा, द्राक्षमळे एकशे चाळीस हेक्टर,
चर्च एक, बेकरी एक, तीही गुरुवारी बंद.
माहितीपत्रक सोळा पानी,
मराठीत हवं सोमवारपर्यंत,
शब्दाला दीड रुपया.

मी घणसोली गावठाणात, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून हात काढला तर समोरच्यांच्या तुळशीला
पाणी घालता येईल, इतक्या चिकटून उभ्या इमारतीत
फ्रान्सचं एक गाव मराठीत आणते आहे.

इतिहास सोपा गेला.
बाराव्या शतकात साधू आले, उतारावरचे धोंडे वेचले,
धोंड्यांचे बांध घातले, बांधाआड वेली लावल्या.
'साधू' खोडून 'मठवासी' केलं, मग पुन्हा 'साधू'.
पुढे कधीतरी मुळांना कीड लागली,
पिवळी, उवेहून बारीक,
आणि सात वर्षांत डोंगर उघडा पडला.
कोणी रेल्वेत लागले, कोणी समुद्रापार गेले.
उरले त्यांनी परक्या मुळांवर आपली वेल बांधली.
इथे मी 'कलम' लिहिलं.
कलम कायद्यातही असतं,
हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

अडले ती सातव्या पानावर.
तेरवार.
शब्दकोश म्हणतो: जमीन, माती, मुलूख.
पत्रक म्हणतं: माती, उतार, धुकं,
सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं ते,
आणि मळेवाल्याचा हट्ट,
हे सगळं मिळून जिभेवर जे उतरतं ते.
एक शब्द. चार तास.

खाली एटीएमच्या पायरीवर जोमाकाका बसतात.
वय विचारलं तर सांगतात,
"सिडको आली तवा माजा लगीन झालेला."
म्हटलं, काका, वाण एकच, पण या बांधाचं द्राक्ष वेगळं लागतं
नि त्या बांधाचं वेगळं. याला काय म्हणाल?
द्राक्षाचं त्यांनी ऐकलंच नाही.

"मिठाला पन आसतं त्या.
उघाडीजवलचं मीठ चिखलाचं, जरा करू.
आतल्या कोंडीचं पांढरंफेक,
पन नुसतं खारट, त्याला बोलनं नाय.
माजा बापूस चिमूटभर तोंडान टाकून सांगं
कनच्या आगराचं, कनच्या उधानाचं,
नि फली कोनी मारली."

आणि याला शब्द?

"शब्द कशाला? आमी आगरी."

त्यांना वाटलं, मी जात विचारली.
मला वाटलं, उत्तर मिळालं.

त्यांचं आगर कुठे होतं ते त्यांनी
बोटानं नाही, हनुवटीनं दाखवलं:
निळ्या काचेची इमारत, बावीस मजले.
तिच्या तळघरातून पंप रात्रंदिवस पाणी उपसतो.
वॉचमन सांगतो, मार्च-एप्रिलात
पाइपच्या तोंडाशी पांढरं धरतं.
जोमाकाकांनी एकदा बोट लावून चाखलं.
"आजून कच्चा हाय," म्हणाले,
आणि बोट लेंग्याला पुसलं.

वर येऊन उरलेलं संपवलं.
प्रेक्षणीय स्थळे:
साधूंचं तळघर, आत बारमाही बारा अंश.
ओढ्याकाठचा दगडी धोबीघाट, आता कोणी धूत नाही.
टेकडीवरचा बाक, सूर्यास्तासाठी.
सप्टेंबरात पहिल्या घडाची मिरवणूक, बँडसकट.
बँडला बँडच म्हणतात दोन्हीकडे,
त्याचेही दीड रुपये मिळतात.

आणि सातव्या पानावर लिहिलं: आगर.
खाली टीप नाही, खुलासा नाही.
रविवारी रात्री फाइल पाठवली.

सोमवारी दुपारी एजन्सीतून ऋजुता चेऊलकरचा फोन.
छान झालंय, फक्त ते आगर म्हणजे
नारळीची बाग ना गं? लोक गोंधळतील.
'खास माती' करू या का?

करू या, म्हटलं.

दोन शब्द झाले.
तीन रुपये.