दोघांचा उशीर

असोळण्यात, साळ नदीकडे तोंड करून इश्पेरांसचं घर.
वरची खोली माझी. भाडं साडेचार हजार,
त्यात रविवारची बांगड्याची कढी धरलेली.
प्रबंध लिहायला आले, म्हणाले, ताऱ्यांचा हिशेब आहे.
मेलेल्या ताऱ्यांचा, असंही बोलून गेले,
तर तिने कपाळाला, छातीला बोटं लावली.

मेलेले, पण फिरतात.
इथून मडगावला जाऊन परत या, तेवढी एकेकाची रुंदी,
आणि सेकंदाला दोन-तीनशे गिरक्या.
गिरकीला एक ठोका. आम्ही इथे कान लावून, पंचवीस वर्षं,
कुठला ठोका किती उशिरा आला ते मांडत.
उशीर सेकंदाच्या कोटीव्या भागाचा.
तेवढ्यासाठी गुरू नेमका कुठे आहे तेही धरायचं,
सूर्याचा वारा, आमच्याच घड्याळांची खोड.
सगळं वजा केलं तरी काहीतरी उरतं.

तिच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला
एकोणीस वर्षांची कॅलेंडरं, एकावर एक.
दर रविवारी आठला कायतानचा फोन, तेलाच्या जहाजावरून.
मग दीर इनास, तो क्रूझवर.
मग भाऊ, मग मावसभाऊ मिंगेल.
चौकटींत बारीक पेन्सिलीने:
कायतान चाळीस मिनिटं. इनास आलाच नाही.
हे कशाला मांडतेस?
"एकट्याचा उशीर झाला तर तो प्यालेला, बाय.
दोघांचा मिळून झाला, तर दर्या."

मी भात अर्धा टाकून वर गेले.
तीन वर्षं हेच वाक्य
मी चाळीस पानांत लिहीत होते.

एकसष्ट तारे. अठराशे तीस जोड्या.
आकाशात शेजारी-शेजारी असलेले एकदमच रेंगाळतात.
काटकोनात असलेले उलटे, एक मागे तर एक पुढे.
आणि पाठीला पाठ लावून उभे राहिलेले
पुन्हा थोडे जुळतात,
भांडण कशावरून होतं ते विसरल्यागत.
घड्याळ चुकलं तर सगळ्यांना सारखं चुकतं.
असं वळण घेऊन फक्त दर्याच येतो,
ज्याची एक लाट उचलून खाली ठेवायला दहा वर्षं लागतात.

दर्या, पण कुणी ढवळलेला?
कदाचित दूरदूरच्या आकाशगंगांच्या पोटात
काळ्या विवरांच्या जोड्या घुमताहेत, लाखोंनी.
कदाचित हे त्याच्याही आधीचं,
उजेड अजून सुटलाच नव्हता तेव्हाचं.
आरंभानंतरची सुमारे पावणेचार लाख वर्षं
उजेडाला दिसत नाहीत,
सगळं साळीच्या भरतीसारखं गढूळ.
थरथरीला गढूळ-नितळ कळत नाही. ती आरपार येते.
एक रेघ जरा चढी की जरा सपाट, एवढ्यावर ठरायचं
की मी कुणाची तरी म्हातारपणची फुगडी मोजतेय
की सगळ्याच्या जन्माची कळ.
रेघ माझ्याकडे अजून दोन्हीकडे झुकते.

"मग काय लिहिणार?"
माहीत नाही, असं.
"पेन्सिलीनं लिही," इश्पेरांस म्हणाली,
आणि कढीत आमसुलं टाकायला उठली.

गेल्या रविवारी आठ वाजले. साडेआठ.
कुटबणच्या धक्क्यावरचा शेवटचा ट्रॉलर धडधडून गप्प झाला.
कायतान नाही.
मग आम्ही दोघी इनासची वाट बघू लागलो.
इनाससाठी नव्हे.
त्याचा फोन अगदी वेळेवर आला, मागे बँड, कुणी हसत होतं.
इश्पेरांसने "बरा मरे?" एवढंच विचारून ठेवला.

इनास भूमध्यात. कायतान चिलीच्याही खाली.
एवढ्या लांबच्या जोडीवरून काय धरायचं,
हे मला येतं, आणि मी बोलले नाही.

"प्यालाच असणार," ती म्हणाली.
पेन्सिलीचं टोक तिने जिभेला लावलं.
सव्वादहा झाले.
चौकट कोरी होती.