बासष्टचं मॉडेल

माहुल रोडवरच्या बॅटरीवाल्याकडे
डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मागितला,
तर मुश्ताक विचारतो, कुठली गाडी?
म्हटलं, बासष्टचं मॉडेल.
रात्री घरघरतं.

आठवडाभर नाकात नुसती वाळू.
मास्कमधली हवा
भुवईमागे कुठेतरी चुरचुरत जायची,
शिंकेवर शिंक,
आणि यंत्र आपलं इमानाने फुंकतंय.

आता झोपण्याआधी मिठाचं कोमट पाणी,
या नाकपुडीतून आत, त्या नाकपुडीतून बाहेर.
टाकीत रेघेपर्यंत मुश्ताकचं पाणी.

फिल्टर काढून पाहिला,
पंधरा दिवसांत काळा.
एवढं चेंबूर
माझ्यात जायचं राहिलं.

नळीत दव साचू नये म्हणून
तिला विजूची शाल गुंडाळलीय.
शालीला अजून विजूचा वास येतो का,
ते नाक मोकळं झालं
की बघू.