वार जुळले

पतसंस्थेची फुकट मिळालेली डायरी, सन २०११,
कव्हरवर लक्ष्मी, आत राहुकाळ आणि ठेवींवरचे व्याजदर.
भुसावळहून निघताना बॅगेत टाकली
हिशेब लिहायला.
अर्धीच भरली. मग सोहारच्या बाजारातून
दुसऱ्या वह्या घेतल्या, उजवीकडून उघडणाऱ्या,
आणि ही तळाशी गेली, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.

परवा थंकच्चन म्हणाला, कॅलेंडर फिरून आलंय बघ,
अकरा वर्षांनी त्याच तारखा, तेच वार.
आज काढली. खरंच.
नऊ मे, सोमवार. आजही सोमवार.
तिथी तेवढी सरकलीय, छापलीय षष्ठी, आज अष्टमी.
म्हटलं, कोरी पानं कामाला येतील.
वाया घालवायची सवय आम्हांला नाही.

कामावरची वही वेगळी असते.
समुद्रातलं मीठ काढतो आम्ही, शहराला गोडं पाणी धाडतो.
दर तासाला चार रकाने: दाब, तापमान, क्षार, सही.
जेलीफिशनी जाळी तुंबली तर लाल शाईनं शेरा.
त्या वहीत खोटं लिहिता येत नाही,
खल्फान येतो आणि काट्याशी ताडून बघतो.

माझ्या वहीला खल्फान नाही.

घरी एक गोष्ट चालत आलीय:
पहिल्या रात्री मी जेवलो नाही,
उशीत तोंड खुपसून रडलो.
हेमलता ती पाहुण्यांना सांगते, चहा गाळता गाळता.
लेकीनं निबंधात लिहिली, दहापैकी आठ मिळवले.
मी स्वतः इतक्यांदा सांगितलीय
की उशीचा अभ्राही आठवतो, निळ्या रेघांचा.

नऊ मेच्या पानावर माझंच अक्षर:
'पोचलो. आठ जणांची खोली. एसी मस्त.
भात, तळलेला मासा, दोनदा घेतला.
वाढणारा मोतालेब, चांगला माणूस.
घरी फोन करायचा राहिला. झोप येतेय.'

बस.
पान उलटून पाहिलं, दुसरं चिकटलेलं तर नाही ना.
दहा मे: बूट घट्ट होतात.
अकरा मे: ऊन भुसावळपेक्षा कमीच, पण ओलं.

रडणं शोधत पुढे गेलो.
जूनमध्ये नाही. रमजानात नाही.
पहिल्या पगाराच्या पानावर नुसती वजाबाकी.
सापडलं नोव्हेंबरात, सतरा तारखेला,
सुपरमार्केटातल्या फळांपाशी:
'केळी. एकेकावर स्टिकर. फिलिपाईन्सची.
एक घेतलं. बाहेर बाकावर खाल्लं.
बराच वेळ बसलो. नाक गळत होतं. सर्दी असेल.'

सर्दी असेल!
ज्याच्या बापानं उभा जन्म केळीचे घड वाहिले
त्यानं एक केळं विकत घेतलं, सुटं, पावतीसकट.
म्हणजे रडलो होतो. तारीख तेवढी चुकली,
आणि उशी कुठून आली देव जाणे.

आधी लाज वाटली.
मग दोनदा घेतलेल्या त्या भाताचं
उगाच बरं वाटायला लागलं.
भूक लागली होती पोराला. सव्वीस वर्षांचा होता.
मी त्याला अकरा वर्षं उपाशी झोपवत होतो.

साडेदहा. तिकडे बारा वाजलेत.
तासाचे आकडे भरले, सही केली,
फोन लावला.
हेमलता दचकून, 'काय झालं?'
'काही नाही. एक फोन राहिला होता.'
'कधीचा?'
तेवढ्यात तीन नंबरचा पंप सुरू झाला,
नंतर काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

'झोप येतेय'च्या खाली दोन बोटं जागा होती.
हिरव्या पेनानं, हाताशी तेच होतं:
'फोन केला. डब्यात चपाती, वांग्याचं भरीत.
मोतालेब कधीच गेला परत, पत्ता घ्यायला हवा होता.
एसी आवाज करतोय.'