दीड बोट माया

अँटवर्पच्या शाळेत, चौथ्या मजल्यावर,
मी फक्त इस्त्र्या आणि मशिनी सांभाळतो.
त्याआधी सदतीस वर्षं सूट बेतले:
वकिलांचे, नवरदेवांचे, दोन-तीन मयतांचेही.
म्हणून मिनोरीनं टेबलावर तो निळा कोट टाकला
तेव्हा हात आपसूक कॉलरकडे गेला.
"बाबांचा," ती म्हणाली. "गोदीतला."

दुसऱ्या पिशवीत किमोनो. आईचा, कानाझावाहून आलेला,
राखी, काठाला गंजासारखा एक पट्टा.
आई तो इथं आल्यावर दोनदाच नेसली.

पहिले सहा आठवडे नुसती मारामारी.
कोटाचा मुंढा गोल, किमोनोची बाही चौकोनी;
एक म्हणतो, अंग कुठं वळतं ते आधी सांग,
दुसरा म्हणतो, अंगाचं अंग बघून घेईल.
पुतळ्यावर चढवलं की खांद्यात फुगायचं,
काखेत ओढायचं,
आणि मास्तर मंडळी मान तिरकी करून म्हणायची,
वा, पूर्व-पश्चिमेचा संगम!
"संगम कसला," ती टाचण्या दातांत धरून पुटपुटायची,
"रविवारी जेवायला काय करायचं
यावरून आमच्या घरी जे व्हायचं, ते आहे हे."

मग एका संध्याकाळी तिनं कातर बाजूला ठेवली
आणि उसवायला बसली.
मी दिवे बंद करायला आलो होतो. थांबलो.
किमोनो कुरकुरला नाही.
आठ सरळ पट्टे झाला, शेजारी शेजारी लावले
तर पुन्हा तागाच,
कुणी कधी कापलाच नव्हता जणू.
कोट मात्र हट्टी. दुहेरी शिलाई, मेणाचा दोरा,
खिशाच्या तळाशी बार्लीचे सात दाणे,
कुठल्या जहाजातले, कोण जाणे.

आणि शिवण उघडली तेव्हा आत निळा.
म्हणजे बाहेरून कोट पंचवीस वर्षांच्या उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं
ताकासारखा झालेला,
आणि आत दीड बोट माया,
तिच्यात दुकानातला पहिला दिवस तसाच.
किमोनोचीही माया तिनं दिव्याकडे धरली.
राखी नव्हतीच ती, जांभळी होती.
मिनोरी काही बोलली नाही. नाक ओढलं.
मला वाटतं, तेव्हाच तिनं कपडा उलटा केला.

जूनमध्ये सात कोट मंचावर गेले.
शिवणी बाहेर, अस्तर नाही, मुंढा नाही,
खांद्यावर दुमडून टाकलेली एक चूण:
मुलांच्या किमोनोला असते म्हणे,
पोर वाढलं की उसवायची.
मोठ्यांना कशाला? एका परीक्षकानं विचारलं.
ती म्हणाली, "असू दे."
गुण बरे मिळाले. फार नाहीत.
तिचे बाबा शेवटच्या रांगेत, हात मांडीखाली दाबून;
आईनं शेजारून त्यांची कॉलर नीट केली
आणि हात तिथंच राहिला, बराच वेळ.

रात्री घरी मी माझा कोट दिव्याखाली धरला.
स्वतःच बेतलेला, स्वतःच शिवलेला.
आत बघितलं: माया जेमतेम दोरा धरेल इतकी.
कापड महाग होतं त्या वर्षी.
शिवाय मला वाटलं होतं,
आता आपण याहून काय वाढणार.