सांध्यातलं मीठ

पहाटे पाच दहा. धायरीत
नळाचं पाणी हाताला चावतं.
टिकलर दाबते, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत,
मग किक. तोच दांडा आत ढकलला की गिअर.
येझदीचं असंच, बसलेल्यालाच कळतं.
तिसऱ्या किकला खोकते, पाचव्याला बोलते,
आणि वरच्या मजल्यावरचे कोपरकर खिडकी आपटतात.

स्वेटरच्या आत कालचा पेपर, छातीवर आडवा.
वर जर्किन, कानटोपी, टोपीवर हेल्मेट.
बातम्या ऊब देतात,
पण एवढ्यापुरत्याच.

वडगावचा पूल, वारजे,
चांदणी चौकाच्या उतारावर बोटं हरवतात;
क्लच कोण दाबतंय कळत नाही.
पाषाणकडून धुकं आडवं येतं
आणि दोन सायलेन्सरांचा धूर त्यात मिसळतो,
कुठला कुणाचा, सांगता येत नाही.

इथं समुद्र नाही.
तरी हिच्या मडगार्डच्या आतली कड
बिस्किटासारखी हातात येते.

आप्पा पेणच्या खाडीवर मिठागरात मुकादम.
दिवाळी झाली की खाडीचं पाणी आत घ्यायचं,
बांध लिंपायचे, आणि ही बांधावर उभी,
पंचवीस हिवाळे, खाऱ्या वाऱ्यात.
नवी आणली तेव्हा आईनं
मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या हिच्यावरून.
दृष्ट गेली असेल.
मीठ राहिलं.

रोज संध्याकाळी आप्पा चार बादल्या
गोड्या पाण्यानं हिला धुवायचे.
आई म्हणायची, प्यायला टँकरची वाट बघायची
आणि लोखंडाला आंघोळी!
ते ऐकायचे नाहीत. आऱ्या एकेक पुसायचे,
जळकं ऑईल चोपडायचे,
स्वतःच्या टाचांना मात्र काही नाही.
त्या भेगांत एक रुपया उभा राहिला असता.

म्हणायचे, "प्लास्टिक नको टाकूस पोरी,
त्याच्याखाली लोखंडाला घाम येतो."
म्हणून हिच्यावर अजून गोधडी.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी मीठ तोडलं.
मिठागराचा मुकादम
अळणी वरणाकडे बघून इतका हसला
की ठसका लागला.

नाना पेठेत गफूरभाईंनी चेनकव्हर उघडलं.
आत पांढरी भुकटी, कोपऱ्यात दडपलेली.
बोट लावलं, जिभेला टेकवलं,
माझ्याकडे बघितलं.
"ताई, हे अजून खारट आहे."
आप्पांना जाऊन नऊ वर्षं झालीत.

"वरचं धुता येतं," ते म्हणाले,
"सांध्यातलं आतून खातं. फ्रेम गेली समजा.
भंगारात बारा हजार, ते पण माझ्या ओळखीनं."
मी म्हटलं, चेन तेवढी बदला.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आमची फी, आमची पुस्तकं,
माझं आयटीआय, ताईचं लग्न,
सगळं त्याच मिठातून आलं.
आम्हाला पोसताना
ते हिला खात होतं.

रविवारी उन्हात बसते.
रॉकेल, जुना टूथब्रश, आईच्या साडीचा बोळा.
छत्तीस आऱ्या पुढच्या, छत्तीस मागच्या.
निम्म्यावर कंटाळा येतो, चहा करते,
परत येऊन कुठपर्यंत झालं ते विसरते,
पहिल्यापासून मोजते.

पावणेसात. चिंचवडला कंपनीचं गेट.
बोटं सायलेन्सरवर धरते, जळणार नाहीत इतकीच लांब.
पेपर काढते, शाई स्वेटरला लागलेली.
पार्किंगच्या सिमेंटवर
माझ्या जागी एक तांबूस डाग आहे, ताटाएवढा.
वॉचमन सुरडकर महिन्यातून एकदा
ॲसिड ओतून बघतो.
"जात नाही मॅडम," म्हणतो,
आणि नवी कुणाची गाडी तिथं लागायला आली
तर शिट्टी मारून हटवतो.