दीड इंच माया

मुहर्रकच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या मागच्या बोळात
माझं दुकान. एक मशीन, एक पंखा,
एक आरसा, ज्याचा पारा खालून उडत चाललाय.
आतल्या दांडीवर, अगदी कोपऱ्यात
एक पांढरा थोब लटकतोय. पावती क्रमांक दोनशे अकरा.
गिऱ्हाईक : मक्की, भूगोलाचा मास्तर.
छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा, गळा साडेपंधरा.
ईदच्या आधी द्यायचा होता.
कुठल्या ईदच्या, ते पावतीवर नाही.

माप देताना तो बोलत होता.
हात आडवे, मान ताठ, आणि बोलत होता :
वर्गात नकाशा भरताना एका पोरानं विचारलं,
मास्तर, माझा बाप ज्या तुरुंगात आहे
त्याला कुठला रंग द्यायचा?
मी म्हटलं, श्वास सोडा.
रोखलेल्या श्वासावर माप घेतलं की कपडा नंतर काचतो.
तो हसला. उस्ताद, म्हणाला,
हे जरा वर जाऊन सांग ना.

चौथ्या दिवशी दोघे आले,
चिंध्यांवरून बूट न काढता.
मक्की इथं काय बोलला?

चोवीस वर्षं या गल्लीत
मी अरबीत भाव करतो, अरबीत भांडतो,
चहावाला यूनुस गेला तेव्हा रडलोही अरबीतच.
म्हणालो, साहेब, भाषा नाही समजत. फक्त आकडे.
हे त्याला वाचवायला म्हणालो की मला,
ती शिवण मी अजून उसवलेली नाही.

उम्म मक्की येते, भेट मिळाली तरच.
मध्ये काच असते म्हणते.
काचेपलीकडून डोळ्यांनी घेतलेलं माप
मला बोटांवर दाखवते : इतका कमी झालाय.
अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जेवढी हवा
तेवढा मुलगा.
मी दोन्ही बाजू आत घेतो.
पहिल्यांदा पाव इंच. नंतर पाऊण.
उपोषणानंतर आली तेव्हा बोटं दाखवेना,
नुसती मूठ मिटून बसली.
उरलेलं कापून टाकतोस का, म्हणाली.
छे. आमच्यात त्याला माया म्हणतात.
शिवणीच्या आत ठेवतात,
माणूस परत भरला की सोडायला.
अरबीत काय म्हणतात त्याला?
ते मात्र मला खरंच येत नाही.

तिच्या पर्समध्ये पेपरचं कात्रण असतं, चार घड्या घातलेलं.
जिनिव्हात कुणी चिंता व्यक्त केली.
मागच्या साली नुसती होती, यंदा तीव्र.
त्यात पोराचं नाव, एक अक्षर चुकून.
मी तेवढ्यावर बोट ठेवलं तर म्हणाली, असू दे,
इतक्या लांबून आलेल्या कपड्याचं
एखादं बटण तुटायचंच.

आणि परवा एक बाई आली.
पुस्तकी अरबी, पायात वाळूनं भरलेले बूट, हातात वही.
मक्कीला ओळखता?
मी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या परवान्याकडे,
त्यावरच्या कफीलच्या सहीकडे.
म्हणालो, भाषा नाही समजत. फक्त आकडे.
ती वही मिटायला लागली
आणि कुणास ठाऊक काय झालं,
मी खडूचा हात विजारीला पुसला आणि आकडे सांगायला बसलो.
बेचाळीस. एक्केचाळीस. एकोणचाळीस. छत्तीस.
तारखांसकट. पावतीच्या मागे होत्याच लिहिलेल्या.
तिचं पेन एकदा थांबलं, पुन्हा चाललं.
आणि गळा, तिनं विचारलं.
साडेपंधरा. तिथं काही बदल नाही,
त्याच्या आईनं गळ्यासाठी कधी बोट उचललं नाही.

ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं.
दोऱ्याचं रीळ मशीनखाली गेलेलं, ते काढायला वाकलो
तोच फोन वाजला. कफील.
कान गरम झाले, सुई कुठं टोचली कळलं नाही.
भाड्याबद्दल होता.
देतो, म्हटलं. एक तारखेला.
मग हवेबद्दल, त्याच्या गुडघ्याबद्दल, धाकट्याच्या निकाहाबद्दल
मी त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिलो,
अरबीत.