अलंकार ओळखा

अप्पा बळवंत चौकात, दुसऱ्या मजल्यावर
गुंदेचाशेठ पानामागे पंचेचाळीस देतात.
नववीचं गाइड. 'कवीला काय म्हणायचे आहे?
पाच ओळींत लिहा.'
मी चारांतच आटपते,
पाचवीत 'अशा प्रकारे'.

कविता माझ्याही आहेत,
लाइटबिलांच्या पाठीवर.
भरलेली बिलं जपायची असतात,
म्हणून त्याही टिकल्या.

पुस्तक जूनच्या आत बाजारात हवं होतं.
रात्री अकराला, धायरीत,
व्याकरणाला एक उदाहरण कमी पडलं.
मी माझंच घातलं:
'संध्याकाळ जणू उसवलेली बाही,
हात घालावा तर आत कुणीच नाही.'

'कुणाचं?' शेठनी चष्म्यावरून विचारलं.
'जुनं आहे. पाठ होतं.'
'मग चालेल. परवानगीची कटकट नको.'

काल खालच्या कणसेंचा निमिष
गाइड घेऊन वर आला.
'काकू, उपमा की उत्प्रेक्षा?'
उत्प्रेक्षा, म्हटलं. 'जणू' आहे ना.
एक मार्क.
त्यानं लिहिलं, एक वेलांटी खोडली,
आणि चप्पल घालता घालता म्हणाला,
'पण कुणीच नाही कसं?
हात घातलाय ना आत.'

तेव्हापासून कोरी पाठ शोधतेय.
या महिन्याचं बिल
अजून आलेलं नाही.